पत्रांचे दोन गठ्ठे

भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या ट्रंकेत नाहीतर एखाद्या पत्र्याच्या डब्यात पत्रांचा गठ्ठा जपून ठेवलेला असतो. माहेरची पत्रे असतात, लग्न ठरल्यानंतरची असतात, परगावी गेलेल्या मुलांची असतात. वर्षानुवर्षे आपण तो गठ्ठा सोडत नाही, पण घर बदलताना रद्दीत टाकायलाही हात धजत नाही. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा अशाच दोन गठ्ठ्यांची मला आठवण झाली. त्यांतला एक जगभरच्या वाचकांनी वाचला. दुसरा ज्याच्यासाठी लिहिला त्याने उघडूनसुद्धा पाहिला नाही. दोन्हींची कथा एकाच स्त्रीची आहे. ती म्हणजे इंग्लंडची विख्यात कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग.

एलिझाबेथचा जन्म ६ मार्च १८०६ रोजी उत्तर इंग्लंडमधील डरॅम परगण्यात झाला. बारा भावंडांत ती सर्वांत थोरली. घरची श्रीमंती मोठी होती. ही श्रीमंती जमेका बेटावरील उसाच्या मळ्यांतून आलेली होती आणि त्या मळ्यांवर राबत होते ते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. ही गोष्ट पुढे एलिझाबेथच्या मनाला फार लागून राहिली. ती तीन वर्षांची असताना कुटुंब हेरफर्डशायरमधील होप एंड या प्रशस्त वाड्यात राहावयास गेले. भोवती टेकड्या, बागा, तळे. तिचे बालपण तेथे सुखात गेले.

मुलींना त्या काळी शिवण, संगीत आणि थोडे फ्रेंच आले की शिक्षण पुरे झाले असे मानीत. एलिझाबेथ मात्र आपल्या धाकट्या भावाच्या मास्तरांजवळ बसून ग्रीक आणि लॅटिन शिकली. वडील एडवर्ड बॅरेट यांना या मुलीचे भारी कौतुक होते. ती चौदा वर्षांची असताना, १८२० साली, तिने मॅरेथॉनच्या लढाईवर रचलेले दीर्घ काव्य त्यांनी स्वखर्चाने छापून त्याच्या पन्नास प्रती काढल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे वडील आपल्याला दिसणार आहेत ते मुळात पाषाणहृदयी नव्हते. मुलीच्या हाती लेखणी देणारेही तेच होते.

पंधराव्या वर्षी तिला दुखण्याने गाठले, आणि ते पुढे जन्मभर तिच्या सोबतीस राहिले. १८२८ साली आई वारली. जमेकातील उत्पन्न घटले, कोर्टकज्जे झाले, आणि १८३२ साली होप एंडचा वाडा विकावा लागला. दोनचार बिऱ्हाडे बदलून हे कुटुंब १८३८ मध्ये लंडनच्या ५० क्रमांकाच्या विंपोल स्ट्रीट या घरात स्थायिक झाले.

याच सुमारास तिच्या फुफ्फुसांचे दुखणे बळावले आणि डॉक्टरांनी तिला समुद्रकाठच्या टॉर्की गावी पाठविले. सर्वांत लाडका भाऊ एडवर्ड सोबत असावा असा तिने हट्ट धरला. त्याने परत यावे असे वडिलांच्या मनात होते, तरी तिच्या आग्रहाखातर त्यांनी मान्यता दिली. ११ जुलै १८४० रोजी हा भाऊ मित्रांबरोबर शिडाच्या होडीतून समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. होडी बुडाली होती. सकाळी बहीणभावांची किरकोळ बोलाचाली झालेली होती आणि त्याच रागात तिने त्याला निरोप दिला होता. त्याच वर्षी आरंभी दुसरा एक भाऊ जमेकात तापाने गेला होता. भावाच्या मृत्यूला आपणच कारण झालो ही टोचणी तिच्या मनातून कधी गेली नाही. वडिलांनी याबद्दल तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या एका उपकाराने ती वडिलांशी जशी बांधली गेली, तशी कोणत्याही धाकाने बांधली गेली नसती.

१८४१ च्या सप्टेंबरात तिला लंडनला परत आणले, आणि विंपोल स्ट्रीटच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत तिचे आयुष्य कोंडले गेले. लंडनची धुरकट हवा आत येऊ नये म्हणून हिवाळाभर खिडक्या बंद असत. ती कोचावर पडून राही. झोप लागावी, वेदना कमी व्हाव्यात म्हणून डॉक्टरांनी दिलेली अफूची औषधे ती रोज घेई. सोबतीला असे एका लेखिका मैत्रिणीने भेट दिलेला फ्लश नावाचा स्पॅनियल जातीचा कुत्रा. रात्री वडील येत आणि तिच्या उशाशी बसून प्रार्थना करीत. आता ही फार दिवस जगत नाही अशी घरच्यांची, आणि तिची स्वतःचीही, समजूत झालेली होती.

पण खोली बंद असली तरी लेखणी चालू होती. इंग्लंडच्या खाणींत आणि गिरण्यांत लहान लहान मुले कशी राबवली जातात याचा सरकारी चौकशीत मिळालेला वृत्तांत तिने वाचला आणि १८४३ साली त्या मुलांच्या आक्रोशावर एक कविता प्रसिद्ध केली. ती कविता इंग्लंडभर गाजली. १८४४ साली तिच्या कवितांचे दोन खंड निघाले आणि जिला कोणी पाहिले नव्हते ती बाई देशातल्या अग्रगण्य कवींत गणली जाऊ लागली.

या खंडांतील एका कवितेत समकालीन कवी रॉबर्ट ब्राउनिंग याचा तिने गौरवाने उल्लेख केला होता. रॉबर्ट तिच्याहून सहा वर्षांनी लहान, ७ मे १८१२ चा जन्म. लंडनजवळ आईवडिलांच्या घरी राहात होता. त्याच्या कविता दुर्बोध म्हणून लोक नाक मुरडीत आणि त्याची पुस्तके फारशी खपत नसत. इटलीच्या प्रवासाहून परतल्यावर त्याने ते खंड वाचले, स्वतःचे नाव पाहिले, आणि १० जानेवारी १८४५ रोजी त्याने एलिझाबेथला पहिले पत्र लिहिले. पहिल्याच पत्रात त्याने तिच्या कवितेवर आणि तिच्यावरही आपले प्रेम असल्याचे लिहून टाकले. दोघांची तोवर गाठही पडलेली नव्हती.

तिने उत्तर लिहिले, त्याने प्रत्युत्तर लिहिले. चार महिने नुसती पत्रेच चालली. आपण आजारी, रूप नाही, वय झालेले, आपल्याला पाहून याची निराशा होईल, म्हणून ती भेट पुढे ढकलीत राहिली. अखेर २० मे १८४५ रोजी तो प्रथम त्या खोलीत आला. भेटीनंतर त्याने जे पत्र पाठविले, त्यात उघडच मागणी होती. ती घाबरली. पुन्हा असे लिहिले तर भेट बंद होईल असे तिने बजावले आणि पत्र परत पाठविले. त्याने ते जाळून टाकले. म्हणूनच त्या सबंध पत्रव्यवहारात तेवढे एकच पत्र आज नाही.

येथे वडिलांविषयी सांगितले पाहिजे. एडवर्ड बॅरेट यांचा दंडक असा होता की त्यांच्या अपत्यांपैकी कोणीही लग्न करायचे नाही. मुलींनी नाही, मुलांनीही नाही. नवऱ्या मुलाचे कूळ पाहून नकार देणारे वडील आपण पाहिले आहेत, हुंड्यावरून मोडलेली लग्नेही पाहिली आहेत. पण येथे वराचा प्रश्नच नव्हता. लग्न हीच आज्ञाभंगाची गोष्ट होती. कारण त्यांनी कधी कोणास दिले नाही. एलिझाबेथ चाळिशीला आली तरी या दंडकात फरक पडला नाही.

म्हणून सगळेच गुपचूप चालले. वडील कामानिमित्त शहरात गेले की दुपारी रॉबर्ट येई. एक कवी मधूनमधून आपल्या मुलीला भेटायला येतो इतके वडिलांना ठाऊक होते, त्यापलीकडे नव्हते. प्रत्येक भेटीची तारीख, वेळ आणि क्रमांक रॉबर्ट तिच्या पत्रांच्या पाकिटांवर टिपून ठेवी. भेटी आठवड्यातून एकदा-दोनदा, पत्रे मात्र जवळजवळ रोज, कधी दिवसातून दोनदा.

त्या पत्रांत नुसते प्रेमाचे बोलणे आहे असे कोणी समजू नये. ग्रीक नाटकांची चर्चा आहे, एकमेकांच्या कवितांवर रोखठोक मते आहेत, पैशाअडक्याचा हिशेब आहे. टॉर्कीच्या दुर्दैवी दिवसाची हकीकत, जी तिने पाच वर्षे कोणापाशी उघड केली नव्हती, ती तिने प्रथम रॉबर्टला पत्रात लिहिली. मनावरचे ते ओझे उतरल्यावर तिच्या प्रकृतीतही फरक पडू लागला. ती जिना उतरून खाली येऊ लागली. १८४६ च्या मे महिन्यात बहिणीबरोबर बागेत गेली असता ती गाडीतून उतरली आणि स्वतःच्या पायांनी हिरवळीवर चालली. कित्येक वर्षे कोचावर पडून असलेल्या बाईला ती चार पावले केवढी वाटली असतील!

मधल्या काळात एक प्रसंग असा घडला की त्याने तिचे डोळे उघडले. १८४५ च्या पावसाळी दिवसांत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की येता हिवाळा तिने इटलीत काढला तर प्रकृतीस उतार पडेल. खर्चाचा प्रश्न नव्हता, सोबत जावयास भावंडे तयार होती. वडिलांनी मात्र राजीखुशीने परवानगी दिली नाही. आपल्या जगण्यामरण्याहून आपली आज्ञाधारकता त्यांना मोठी वाटते, हे त्या दिवशी तिला कळून चुकले. प्रेम होते, यात शंका नव्हती. पण ते प्रेम तिला त्या खोलीतच ठेवू पाहात होते.

तरीही निश्चय व्हायला आणखी एक वर्ष गेले. मला या कथेत सर्वांत खरे वाटते ते हेच. नाटकासिनेमात नायिका एका क्षणात उंबरठा ओलांडते. एलिझाबेथने वीस महिने विचार केला, होकार दिला, पुन्हा कचरली, पुन्हा बळ बांधले. आपण त्याच्या गळ्यातली धोंड होऊ ही तिची भीती होती आणि प्रत्येक पत्रात तो ती थोडी थोडी दूर करीत होता.

१८४६ च्या सप्टेंबरात घटना भराभर घडल्या. महिन्याच्या आरंभी कुत्रे चोरणाऱ्या टोळीने फ्लशला पळविले. अशा टोळ्या लंडनमध्ये धनिकांचे कुत्रे चोरून खंडणी उकळीत. वडील आणि भाऊ खंडणी देण्याच्या विरुद्ध होते. रॉबर्टचेही मत तसेच होते, आणि त्यावरून दोघांत पत्रांतून वादही झाला. एलिझाबेथने कोणाचेच ऐकले नाही. दासीला बरोबर घेऊन, भाड्याची गाडी करून ती स्वतः लंडनच्या पूर्वेकडील गुंडांच्या वस्तीत गेली आणि शेवटी पैसे भरून फ्लशला सोडवून आणलेच. ज्या बाईला जिना उतरणे अवघड होते, तिने हे केले. त्यानंतर दोनचार दिवसांतच वडिलांनी फर्मान काढले की घराच्या दुरुस्तीसाठी सर्वांनी काही दिवस बाहेरगावी राहावयास जायचे. आता उशीर केला तर कायमचीच ताटातूट होईल हे दोघांनी ओळखले.

शनिवार, १२ सप्टेंबर १८४६. सकाळी ती आपली दासी एलिझाबेथ विल्सन हिच्याबरोबर बाहेर पडली. वाटेत भोवळ येऊ लागली म्हणून औषधाच्या दुकानात थांबून हुंगण्याचे औषध घेतले. मेरिलबोनच्या चर्चमध्ये साक्षीला रॉबर्टचा एक मावसभाऊ आणि ही विल्सन, एवढीच माणसे. अर्ध्याएक तासात विवाह झाला. रॉबर्टने पाकिटावर टिपलेली ही एक्याण्णवावी भेट. वधू वय वर्षे चाळीस, वर चौतीस. मग दोघे दोन दिशांना गेली. वाटेत एका वृद्ध, अंध ग्रीक पंडिताच्या घरी तिने विसावा घेतला, बहिणी तेथे तिला न्यायला आल्या, आणि बोटातली अंगठी काढून ती पुन्हा विंपोल स्ट्रीटच्या घरी परतली. पुढचा आठवडा ती त्याच घरात, त्याच कोचावर, काही न घडल्यासारखी राहिली. बहिणींना प्रेम ठाऊक होते, पण लग्नाचा दिवस तिने त्यांनाही कळू दिला नव्हता. वडिलांचा कोप झाला तर आम्हांस ठाऊक नव्हते असे त्यांना खरेपणाने सांगता यावे हा त्यामागील हेतू होता.

१९ सप्टेंबरच्या दुपारी ती, विल्सन आणि फ्लश घराबाहेर पडली. कुत्रा भुंकला असता तर सारे उघडकीस आले असते, पण तोही गुपचूप राहिला. जवळच्या पुस्तकांच्या दुकानात रॉबर्ट वाट पाहात होता. तेथून साउदॅम्प्टन, बोटीने फ्रान्स, पॅरिस, आणि शेवटी इटलीतील पिसा.

विल्सनबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कवींची चरित्रे लिहिणारे तिला एका ओळीत आटोपतात. पण धन्याच्या मर्जीविरुद्ध वागलेल्या दासीला दुसरीकडे काम मिळणे त्या काळी किती कठीण होते याचा विचार करावा. प्रेम एलिझाबेथचे होते, निम्मा धोका विल्सनने पत्करला होता. आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एलिझाबेथला आजी आणि काका यांच्याकडून स्वतःच्या नावावर थोडे उत्पन्न मिळालेले होते. रॉबर्टजवळ काही नव्हते, प्रवासासाठी त्याने आपल्या वडिलांकडून शंभर पौंड उसने घेतले. धैर्य कितीही असले तरी हाती स्वतःचे चार पैसे नसते, तर ते दार उघडणे दुरापास्त झाले असते.

१८४७ साली हे जोडपे फ्लॉरेन्स शहरात कासा ग्वीदी नावाच्या इमारतीतील बिऱ्हाडात राहावयास गेले. गर्भपाताचे दुःख सोसले, आणि ९ मार्च १८४९ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तिला मुलगा झाला. त्याला घरात पेन म्हणत. लंडनच्या डॉक्टरांनी जिची आशा सोडली होती ती येथे पंधरा वर्षे संसार करून लिहीत राहिली. आपल्या घराण्याच्या पैशाला गुलामांच्या कष्टांचा डाग आहे हे ती विसरली नव्हती. अमेरिकेतील बॉस्टन शहरी गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या स्त्रिया एक वार्षिक अंक काढून तो विक्रीस ठेवीत. १८४८ च्या अंकासाठी एलिझाबेथने पळून आलेल्या एका गुलाम स्त्रीची कैफियत कवितेत लिहून पाठविली. १८५० साली राजकवीची जागा रिकामी झाली, तेव्हा एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने तिचे नाव सुचविले होते. जागा टेनिसनला मिळाली. १८५६ च्या अखेरीस तिची ऑरोरा ली ही पद्यकादंबरी निघाली. एका लेखिकेने स्वतःच्या लेखणीवर कसे जगावे, पतित म्हणून टाकलेल्या स्त्रीकडे समाजाने कसे पाहावे, अशा विषयांना तिने त्यात हात घातला आणि ती हातोहात खपली.

एवढे सुख असले तरी एक दार बंदच राहिले. घर सोडल्यापासून ती वडिलांना पत्रे लिहीत होती. क्षमा मागत होती, नातू झाल्याचे कळवीत होती. उत्तर कधीच आले नाही. १८५१ साली पती आणि मुलासह ती लंडनला आली, तेव्हा रॉबर्टने सासऱ्यांना समजुतीचे पत्र लिहिले. उत्तरादाखल कठोर शब्दांचे पत्र आले आणि सोबत तिची पाच वर्षांतली सगळी पत्रे आली. एकाही पत्राचा लाखेचा शिक्का फोडलेला नव्हता. काही पाकिटांना काळ्या कडा होत्या. त्या काळी सुतकाच्या पत्राला अशी काळी कड असे. म्हणजे मुलगी, जावई की नातू, कोण गेले आहे, एवढे पाहण्यापुरतेसुद्धा त्यांनी पाकीट उघडले नव्हते. लग्न केले म्हणून धाकटी बहीण हेन्रिएटा हिचे नावही त्यांनी १८५० मध्ये टाकले. १८५७ च्या एप्रिलमध्ये ते वारले. अखेरपर्यंत त्यांनी थोरल्या मुलीला क्षमा केली नाही.

हा झाला न उघडलेला गठ्ठा. आता दुसऱ्याची हकीकत.

२९ जून १८६१ रोजी फ्लॉरेन्समध्ये पतीच्या मिठीत एलिझाबेथने प्राण सोडला. रॉबर्ट मुलाला घेऊन लंडनला गेला आणि पुन्हा फ्लॉरेन्सला आला नाही. पुढे तो फार मोठा कवी म्हणून मान्यता पावला. उतारवयात त्याने आपले खासगी कागद निष्ठुरपणे जाळले. लोकांनी आपल्या घरात डोकावलेले त्याला मुळीच खपत नसे. पण नक्षीकाम केलेल्या एका पेटीतली पत्रे त्याच्याने जाळवेनात. विंपोल स्ट्रीटच्या त्या वीस महिन्यांतील त्याची आणि तिची पत्रे त्या पेटीत ओळीने लावलेली होती. पेटी त्याने मुलाच्या हवाली केली आणि काय करायचे ते त्याच्यावर सोपविले. १२ डिसेंबर १८८९ रोजी व्हेनिस येथे तो वारला. दहा वर्षांनी, १८९९ साली, पेनने ती पत्रे दोन खंडांत छापली. आईबापांची प्रेमपत्रे मुलाने बाजारात मांडावी काय, म्हणून पुष्कळांनी त्याला नावे ठेवली. पेन १९१२ साली मृत्युपत्र न करता वारला. पुढच्या वर्षी घरातील वस्तूंचा लिलाव झाला, त्यात ही पत्रे साडेसहा हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. १९३० साली ती अमेरिकेतील वेलस्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयाला भेट मिळाली. ५० विंपोल स्ट्रीटचे घर पुढे पाडले गेले, पण त्याचे पुढले दार, पत्रे आत टाकण्याच्या फटीसकट, याच महाविद्यालयात जपून ठेवले आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत तेथील ५७३ पत्रांची छायाचित्रे संगणकावर सर्वांस पाहण्यासाठी खुली झाली.

ही पत्रे छापली गेली हे बरे झाले की वाईट? माझ्यापुरते उत्तर मला एका दुसऱ्या हकीकतीत मिळाले. पत्रांच्याच काळात एलिझाबेथने रॉबर्टला न दाखविता त्याच्यावरच्या प्रेमाची सुनीते रचली होती. ती एकूण चव्वेचाळीस आहेत. ती केव्हा दाखविली याची एक गोड कथा १८९४ च्या सुमारास पसरली. पिसा येथे १८४७ साली एका सकाळी तिने मागून येऊन ते कागद पतीच्या खिशात सरकविले, आणि त्याच वर्षी रेडिंग गावी त्यांची खासगी पुस्तिका छापली गेली, असे सांगत. त्या पुस्तिकेच्या प्रती ग्रंथसंग्राहक भारी किमतीला विकत घेऊ लागले.

चाळीस वर्षे ही कथा खरी मानली गेली. मग पुस्तकविक्रीच्या व्यवसायातील जॉन कार्टर आणि ग्रॅहॅम पोलार्ड या दोन तरुण अभ्यासकांना शंका आली. त्यांनी भावनेच्या भरीस न पडता कागद सूक्ष्मदर्शकाखाली घातला. कागद रासायनिक लाकूडलगद्याचा निघाला आणि तसा कागद इंग्लंडात १८७४ पूर्वी वापरात नव्हता. छपाईच्या खिळ्यांतील काही अक्षरांची घडण तर १८८० नंतरची होती. १८४७ ची म्हणून विकलेली पुस्तिका शुद्ध बनावट होती. १९३४ साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले तेव्हा सारा संशय टॉमस वाइज या नामांकित ग्रंथसंग्राहकावर जाऊन ठेपला. अशा कितीतरी बनावट पुस्तिका त्याच्या हातून बाजारात आल्या होत्या. १९३७ साली तो मेला, पण कबुली दिली नाही. त्याच वर्षी रॉबर्टची काही जुनी पत्रे छापून निघाली आणि खरी हकीकत त्याच्याच शब्दांत कळली. सुनीते तिने १८४९ च्या उन्हाळ्यात, डोंगरातल्या एका गावी दाखविली होती. रॉबर्टची आई नुकतीच वारली होती. तो दुःखात बुडालेला होता. अशा वेळी तिने संकोचत तो वहीतला ठेवा त्याच्यापुढे ठेवला. १८५० साली तो प्रसिद्ध झाला, तोही पोर्तुगीज भाषेतून घेतल्याचे भासविणारे नाव देऊन, म्हणजे खासगीपणाचा पदर थोडा तरी राहावा.

रचलेली कथा दिसायला सुंदर होती. पण दुःखी पतीला धीर देण्यासाठी आपले सर्वांत जपलेले गुपित बाहेर काढणारी बायको मला त्या कथेतल्या नायिकेहून अधिक जवळची वाटते. खरी पत्रे पेटीत शाबूत राहिली, अभ्यासकांनी चिकाटीने खरेखोटे निवडले, म्हणूनच ही खरी एलिझाबेथ आपल्याला भेटली. नाहीतर कोणी तिला पळून गेलेली प्रेमवेडी म्हटले असते, कोणी तिच्या वडिलांना राक्षस ठरविले असते. नाटके आणि चित्रपट यांनी ते दोन्ही केलेही. पत्रांतून दिसतात ती माणसे मात्र तुमच्याआमच्यासारखी आहेत. मुलीवर जीव असूनही तिला सोडू न शकणारा बाप. वडिलांवर जीव असूनही घर सोडावे लागलेली मुलगी.

सर्व लिहून झाल्यावरही माझे मन त्या न उघडलेल्या पाकिटांपाशीच घोटाळते. घर सोडल्याचा पश्चात्ताप तिला कधी झाला नाही, आणि त्या पाकिटांचे दुःख कधी संपले नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात शेवटपर्यंत नांदल्या. आपल्या घरांतूनही काही मुली दुखावून गेलेल्या असतात, काही सुना, काही भाऊ. वर्षांमागून वर्षे अबोल्यात जातात. भगिनींनो, अशा कोणाचे पत्र आले, निरोप आला, तर आधी तो उघडून पाहावा. राग ठेवायचाच असेल तर तो वाचून झाल्यावरही ठेवता येतो.